टिकाऊपणा आधी दुधाच्या बिलात दिसू द्या

प्रति,
दूध खरेदी व प्रक्रिया करणाऱ्या कंपन्यांचे आणि सहकारी संघांचे संचालक,

सप्रेम नमस्कार.

अलीकडे तुमचे पर्यवेक्षक गोठ्यावर येतात ते हातात प्रश्नावली घेऊनच. शेणाचं काय करता, जनावरांना काय घालता, पाणी किती लागतं, वासरं किती दगावली. प्रश्न चांगले आहेत आणि आम्ही उत्तरंही देतो. पुढे त्या उत्तरांचे आलेख होतात, वार्षिक अहवालात हिरवी पानं छापली जातात, वेष्टनावर 'शाश्वत दूध' असं लिहून येतं. एक प्रश्न मात्र त्या कागदावर मी अजून पाहिलेला नाही. गेल्या वर्षभरात लिटरमागे तुमच्या हातात काय पडलं आणि ते किती दिवसांनी पडलं? तुम्ही विचारत नाही म्हणून मीच सांगायला बसलो आहे.

मी मोजकी जनावरं सांभाळणारा उत्पादक आहे. जगात सुमारे 15 कोटी कुटुंबं दूध उत्पादनात आहेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. विकसनशील देशांत त्यातली बहुतेक माझ्यासारखीच छोटी. तुमच्या टँकरमध्ये जे दूध येतं ते अशा असंख्य बादल्यांतून आलेलं असतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: भावाच्या चढउताराचा सगळा भार साखळीत ज्याची सोसायची ताकद सर्वांत कमी त्याच्यावर टाकायचा आणि वर साखळी टिकाऊ आहे म्हणायचं, हे जमणारं नाही. तो भार वाटून घ्यायचा तर ते लेखी करारात लिहावं लागतं. आणि बहुतेक ठिकाणी तुमच्या-आमच्यात असा करारच नाही.

धान्याला भाव नसेल तर पोती रचून ठेवता येतात. दूध थांबत नाही. कासेतून निघतं तेव्हा ते जनावराच्या अंगाइतकं गरम असतं आणि त्या उबेत जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. दोन-तीन तासांत ते 4 अंशांपर्यंत गार झालं नाही तर नासायच्या वाटेला लागतं. भाव पटला नाही म्हणून धार चुकवावी, तर कास तटते, दगडी होते म्हणजे सुजून दुखावते, एखादं सड कायमचं बाद होतं. म्हणजे आम्ही संप केला तरी धार काढावीच लागते आणि काढलेलं दूध ओतून द्यावं लागतं. 2009 साली बेल्जियममधल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून लाखो लिटर दूध शेतात सोडून दिलं होतं. त्यांचे गोठे आमच्यापेक्षा कितीतरी मोठे. पण खरेदीदारापुढे बसल्यावर त्यांचीही ताकद तेवढीच.

भाव पडला की गोठ्यात काय काय होतं ते जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला काहीच होत नाही. माणूस वाट बघतो. मग पेंड कमी होते. दुधाच्या खर्चात चारा आणि खुराक यांचाच वाटा साठ-सत्तर टक्के असतो, तेव्हा कात्री दुसरीकडे लावायला जागा नसते. आता नुकती व्यालेली गाय घ्या. पहिले दोन-तीन महिने ती जेवढं दूध देते तेवढं तिला खाववत नाही. अंगावरचं झिजवून ती बादली भरते. नेमका तेव्हा खुराक तुटला तर दूध उतरतंच, आणि नंतर भाव सुधारून खुराक पूर्ववत झाला तरी त्या वेतात ती पहिल्या पातळीला परत येत नाही. माजावर यायला उशीर होतो. रेतन लांबतं, पुढचं वेत लांबतं, भाकड काळ वाढतो, आणि भाकड जनावर खायचं थांबत नाही. यानंतर पाळी येते खनिज मिश्रणाची, मग लशीची, मग डॉक्टरला बोलावण्याची. एवढं होऊनही भागलं नाही की कालवड दावणीवरून सुटते.

कालवड विकली म्हणजे तीन वर्षांनंतरचं दूध आजच विकलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा वेईपर्यंत गाईच्या कालवडीला दोन-तीन वर्षं लागतात, म्हशीच्या रेडीला त्याहून जास्त. त्यात गाय नऊ महिने गाभण राहते, म्हैस दहा. तुम्ही आज दर वाढवलात म्हणून उद्या संकलन वाढत नाही ते यामुळे. कधी कधी तुमच्याकडे 'दूध मिळत नाही' म्हणून धावपळ उडते, टँकर लांब लांब पाठवावे लागतात. ती टंचाई त्या हंगामातली नसते. दोन-तीन वर्षांपूर्वी कुठल्या तरी पडत्या भावात ज्या कालवडी विकल्या गेल्या त्यांची ती टंचाई असते. खरेदी विभागाने जुनी दरपत्रकं काढून हा हिशेब एकदा जुळवून बघावा. तुमच्याच व्यवसायाचा तो हिशेब आहे.

भाव का पडला असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: जागतिक बाजारात दूध भुकटीचा भाव पडला. जगात जेवढं दूध होतं त्यातला जेमतेम दहावा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो. न्यूझीलंडच्या मोठ्या सहकारी संस्थेने 2008 मध्ये भुकटीचा ऑनलाइन लिलाव सुरू केला. तो महिन्यातून दोनदा होतो आणि त्याचे आकडे सगळीकडे वाचले जातात. ठीक आहे, बाजार आहे, चालायचंच. पण त्या लिलावातली पडझड आमच्या बिलात लगेच पुढच्या खेपेला पोहोचते आणि चढण मात्र वाटेत कुठेतरी मुक्काम करते, हे कसं? ग्राहकाच्या पाकिटावरचा भाव तर उतरताना आम्ही क्वचितच पाहिला.

मोकळ्या बाजाराचा मोठा प्रयोग युरोपने केलेला आहे. 1984 पासून तिथे प्रत्येक देशाला दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं त्याची मर्यादा होती. 31 मार्च 2015 रोजी ती संपली. उत्पादन वाढलं. त्याच सुमारास चीनची मागणी मंदावली होती आणि रशियाने आयात बंद केली होती. भाव कोसळले, सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांहून अधिक भुकटी साचली आणि 2016 साली दूध कमी काढा म्हणून शेतकऱ्यांना देण्यासाठी युरोपीय संघाला 15 कोटी युरो बाजूला काढावे लागले. श्रीमंत तिजोरी होती म्हणून निभावलं. आमच्यासारख्यांच्या पाठीशी तेवढी तिजोरी नसते. आमची गोदामं म्हणजे दावणीची जनावरं.

पण त्याच युरोपात या अनुभवातून काही नियमही आले, आणि ते आपण उचलण्यासारखे आहेत. 2019 च्या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने छोट्या पुरवठादाराला 30 दिवसांच्या आत द्यायचे. फ्रान्सने 2018 च्या कायद्यात कराराची सुरुवात शेतकऱ्याच्या प्रस्तावापासून, उत्पादन खर्चाचे निर्देशांक धरून करायची पद्धत आणली. स्पेनने 2021 मध्ये उत्पादन खर्चाखाली खरेदीच करायची नाही असं लिहिलं. खर्च मोजायचा कोणी आणि कसा, हा वाद अशा कुठल्याही कायद्यात राहणारच. पण वाद खर्चावर होतो आहे, हेच मोठं पाऊल आहे. आमच्याकडे वाद फक्त फॅटवर होतो.

तर आता फॅटच्या यंत्राकडे येतो.

1890 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली फॅट मोजायची सोपी पद्धत काढली: दुधात गंधकाम्ल घालायचं, नळी गरगर फिरवायची आणि वर आलेला थर मोजायचा. थोड्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी त्याच धर्तीची पद्धत आणली. त्याआधी दूध नुसतं वजनावर घेतलं जाई. पाणी घालणारा आणि मलई काढून घेणारा फायद्यात, प्रामाणिक माणूस तोट्यात. बॅबकॉक यांनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, सर्वांना खुली ठेवली. फॅटची चाचणी अशी शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून आली. आणि आज संकलन केंद्रावर काय दिसतं? नमुना आत जातो, आकडा उमटतो, आकड्याची खिडकी काट्यावर बसलेल्या माणसाकडे आणि यंत्राची पाठ आमच्याकडे. पावतीवर येईल तो आकडा खरा. यंत्र शेवटचं कधी तपासलं, पुन्हा नमुना लावता येईल का, असं विचारणारा माणूस त्या रांगेत भांडखोर ठरतो.

दुधातली फॅट सारखी बदलते, आणि तिच्या बदलण्याला कारणं असतात. धारेचं पहिलं दूध पातळ, शेवटचं घट्ट. वासराला शेवटी सोडलं तर मलईचा भाग त्याच्या पोटात जातो आणि केंद्रावर 'आज फॅट लागली नाही' असं ऐकावं लागतं. कडबा संपला, नुसतं कोवळं हिरवं गवत घातलं, की रवंथ कमी होतो आणि फॅट उतरते. उकाड्यात उतरते. कास आतून दुखावली असेल, बाहेरून सूज दिसतही नसेल, तरी दुधातली साखर घटते आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, खाली येतं. म्हणजे त्या यंत्रातून रोज दोन वेळा प्रत्येक गोठ्याचा आरोग्य-अहवाल बाहेर पडतो आहे. तुम्ही त्याचं करता काय? कपात. सलग काही दिवस एखाद्याचं एसएनएफ उतरत असेल तर त्याला 'पाणी घालतोस का' असं विचारण्याआधी 'गाईची कास तपासून घे' असा निरोप जायला हवा. यंत्र तेच, आकडा तोच, वेगळा खर्चही फार नाही. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कशी राहून गेली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

नुसत्या आकड्यावर विसंबणारी साखळी कशी फसते हे 2008 साली चीनने दाखवलं. दुधात पाणी घालायचं आणि प्रथिनं कमी दिसू नयेत म्हणून मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन मिसळायचं. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, चाचणी खूश. सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली, 6 दगावली. गोठा आणि कारखाना यांच्या मधल्या संकलनाच्या टप्प्यावर भेसळ झाल्याचं तपासात पुढे आलं. त्यानंतर तिथे मोठ्या फार्मना झुकतं माप मिळालं आणि छोट्यांची पीछेहाट झाली. दुखणं एकीकडे, चटका भलतीकडे. मधल्या टप्प्यावर कोणाचं लक्ष नव्हतं आणि गोठेवाल्याचा कारखान्याशी थेट संबंधच नव्हता, तर शिक्षा गोठेवाल्याला का?

अँटिबायोटिकचंही असंच. दगडी झालेल्या गाईला औषध दिलं की काही दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नसतं, ओतून द्यायचं. आम्हाला हे माहीत आहे. पण ज्याच्याकडे दोनच गाई दुभत्या आहेत त्याने एकीचं दूध आठवडाभर ओतायचं म्हणजे निम्मं बिल गेलं, वर औषधाचा आणि डॉक्टरचा खर्च. अशा वेळी एखादा गप्प बसून दूध घालतो आणि आख्खा टँकर बाद होतो. मग तुम्ही सगळ्या केंद्राला दंड लावता. त्यापेक्षा लिटरमागे अगदी नाममात्र रक्कम तुमची आणि आमची मिळून बाजूला काढली, आणि औषधाची चिठ्ठी दाखवणाऱ्याला ओतलेल्या दुधाचा ठरावीक भाग त्यातून भरून दिला, तर खरं सांगणं परवडेल. एका टँकरच्या नुकसानीत असा किती दिवसांचा निधी बसतो, हे तुमच्या हिशेबनिसाला विचारा.

आता मिथेन, म्हणजे जनावरांच्या ढेकरांतून निघणारा आणि हवा तापवणारा वायू, कारण तुमची प्रश्नावली त्यासाठीच असते. कमी दूध देणाऱ्या जनावरामागे लिटरला जास्त मिथेन पडतं, हे बरोबर आहे. गाय तीन लिटर देवो नाही तर बारा, जगण्यापुरतं खाणं तिला लागतंच आणि त्या खाण्याचा वायू बाहेर पडतोच. अन्न व कृषी संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार 2005 ते 2015 या दहा वर्षांत जगात लिटरमागचं उत्सर्जन जवळपास 11 टक्क्यांनी घटलं, तरी दूध वाढल्यामुळे एकूण उत्सर्जन 18 टक्क्यांनी वाढलं. छोट्या गोठ्यात हे कमी करायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जनावर पोटभर आणि समतोल खाईल, वेळेवर गाभण राहील, आजारी पडणार नाही हे बघणं. यासाठी मुरघासाची, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची बॅग लागते, खनिज मिश्रण लागतं, लस लागते. या सगळ्यासाठी आगाऊ पैसे लागतात. आणि ज्याला पुढच्या बिलाचा भाव माहीत नाही तो आगाऊ पैसे कशाच्या भरवशावर घालणार? मिथेन कमी करणारं 3-एनओपी हे खाद्यपूरक युरोपीय संघात 2022 साली मंजूर झालं. ते रोज खुराकात नीट मिसळून द्यायचं असतं, त्याने मिथेन साधारण तीस टक्के घटतं. दूध मात्र त्याने वाढेलच असं नाही. म्हणजे खर्च गोठ्याचा, फायदा हवेचा आणि जाहिरात तुमची. असलं काही आमच्या गव्हाणीत यायचं असेल तर त्याची किंमत दुधाच्या दरात वेगळ्या ओळीत लिहून यावी. 'पर्यावरण अधिमूल्य' असं भारदस्त नाव द्या हवं तर, पण ओळ असू द्या.

घराघरांत सुट्टं दूध घालणाऱ्या छोट्या विक्रेत्यांबद्दलही दोन शब्द. तुम्ही त्यांना असंघटित म्हणता, अस्वच्छ म्हणता. स्वच्छतेचा मुद्दा खोटा नाही. पण उत्पादक त्यांच्याकडे का जातो, तर ते रोख देतात आणि भाव आदल्या दिवशी सांगतात. केनियात 2004 नंतर अशा विक्रेत्यांना हुसकावण्याऐवजी प्रशिक्षण आणि परवाने देण्याची दिशा धरली गेली. तुम्हाला त्यांच्याशी स्पर्धा करायची असेल तर पैसे वेळेवर देऊन करा, आम्ही आपोआप तुमच्याकडे येऊ.

पैसे कोणाच्या खात्यात जातात हेही बघा. शेण काढणं, वैरण कापणं, धार काढणं यातलं बरंचसं काम घरातल्या बायका करतात आणि बिल निघतं पुरुषाच्या नावावर. प्रशिक्षणाला बोलावता तेव्हाही आम्हीच येतो, चहा पिऊन जातो, आणि कासेला हात लावणारी घरी राहते. सभासदत्व आणि खातं तिच्या नावावर करायला तुम्हाला कायदा आडवा येत नाही.

सहकारी संघांच्या संचालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या उत्पादकांनी 1946 मध्ये संघ काढला, ज्याचं पुढे 'अमूल' झालं, तो याच दुखण्यावर: खरेदीदार एक, भाव त्याचा, आमचा उपाय शून्य. पुढे सगळ्यांनी गिरवावा असा तो धडा झाला. आज अनेक संघांत सभासद कागदावर मालक आहे आणि काट्यावर याचक. खासगी कंपनीला मी करार मागतो. तुमच्याकडे मागायची वेळ यावी हे काही बरं नाही.

करारात काय असावं? किमान दर असावा आणि तो पशुखाद्याच्या भावाशी बांधलेला असावा, म्हणजे पेंड चढली की दर आपोआप हलेल. दर उतरवायचा असेल तर निदान महिनाभर आधी लेखी कळवावं; तेवढ्यात आम्ही खुराकाचं, जनावराचं काहीतरी नियोजन करू. दूध जास्त झालं म्हणून संकलनाला सुट्टी देता येणार नाही, दूध घ्यायचं ठरलेलं प्रमाण पाळावं लागेल. यंत्राच्या तपासणीची तारीख केंद्रावर लावावी आणि फेरतपासणीसाठी नमुना सीलबंद ठेवावा. उशिरा दिलेल्या पैशावर व्याज.

हे एकतर्फी नको. आम्हीही बांधून घेऊ. ठरलेलं दूध तुम्हालाच घालू, लिटरमागे चार पैसे जास्त मिळतात म्हणून मधेच दुसऱ्याच्या गाडीला कॅन चढवणार नाही. ही खोड आमच्यात आहे आणि तिच्यामुळे तुमचंही नियोजन कोलमडतं, हे मान्य. स्वच्छतेचे, औषधाचे नियम पाळू, नोंदी ठेवू. करार मोडला तर आम्हालाही दंड असावा.

तुमच्यातले काही म्हणतील की एकट्याने असा करार केला तर शेजारचा स्वस्त दूध उचलून बाजी मारेल. शंका रास्त आहे. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे, आणि म्हणूनच करार सक्तीचा करणारा कायदा झाला तर त्याला विरोध करायला तुम्ही जाऊ नये अशीही विनंती आहे. तोवर निदान ज्यांच्या वेष्टनावर 'शाश्वत' छापलेलं आहे त्यांनी तरी सुरुवात करावी. तो दावा ते आधीच करून बसले आहेत.

कराराचा मसुदा तयार झाला की तो केंद्रावर लावा, आमच्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरात. चर्चेला बोलवाल तेव्हा आम्ही येऊ, घरातल्या बायकांना घेऊन येऊ. बैठकीची वेळ तेवढी दोन धारांच्या मधली ठेवा.

आपला,
एक दूध उत्पादक